वीर ते पोलादपूर : अळंबी, सोम आणि साधना

महाड तालुक्यातील वीर हे गाव कोकण रेल्वेच्या नकाशावर १९९३ सालापासून आहे. त्या वर्षी रोह्यापासून येथपर्यंतचा लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला आणि तोवर केवळ महामार्गावरून ओझरता दिसणारा हा प्रदेश रेल्वेने येणाऱ्याच्या पायाखाली आला. श्रावणात येथे उतरणाऱ्यास पहिल्यांदा जाणवते ते पाणी. भातखाचरांत साचलेले, बांधांवरून झिरपणारे, कातळावरून घसरणारे आणि हवेत अर्धवट तरंगणारे हे पाणी कुजलेल्या पाल्याला, शेणाला, जुन्या लाकडाला आणि वारुळांना भिजवून मऊ करते, आणि त्यातूनच अळंबीचा मोसम सुरू होतो. वीरपासून महाडमार्गे पोलादपूरपर्यंतच्या या प्रवासामागे एक जिज्ञासा होती. जगातील काही भूछत्रांत सायलोसायबिन नावाचे, मनाच्या जाणिवा काही तासांपुरत्या पालटून टाकणारे रसायन असते. त्यांच्या सेवनातून ईश्वरी साक्षात्कार होतो असे मानणाऱ्या परंपरा आहेत आणि अलीकडे मुंबई-पुण्यातील तरुण साधकही त्यांच्याविषयी उत्सुकतेने बोलू लागले आहेत. ज्या भूमीत घळी, लेणी, मठ आणि देवराया एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, त्या भूमीत साधक आणि अळंबी यांचे नाते काय होते, हे पाहणे हा या प्रवासाचा हेतू होता.

वीर सोडून दासगावच्या दिशेने निघाले की महामार्गाच्या कडेला, चौपदरीकरणात कापलेल्या लालसर डोंगरउताराखाली, कातकरी बाया पळसाच्या पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसलेल्या दिसतात. त्या वाट्यांत हाताच्या तळव्याएवढ्या उघडलेल्या छत्र्या असतात आणि अजून न उमललेल्या, टोकदार माथ्याच्या कळ्याही. देठाच्या टोकाला वारुळाची ओली माती तशीच चिकटलेली असते, कारण ती माती हीच त्या मालाची ओळख असते. शहरात निळ्या प्लास्टिकच्या डबीत बारमाही मिळणारी बटन मशरूम विकत घेताना ग्राहक फक्त तारीख आणि किंमत पाहतो. येथे मात्र घेणारा आधी देठ उलटून पाहतो आणि मगच भाव विचारतो. विचारणाऱ्याला मावशी सांगते, “ही वारुलाची हाय, खायाची. झाडाखालची पांढरी दिसंल, तिला हात नका लावू.” एवढ्या दोन वाक्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा साठलेली असते. अळंबीवर लसूण टाकून तिचा रंग पालटतो का ते पाहण्याची शहरी घरांतील पद्धत या बाया मानत नाहीत, आणि विज्ञानही मानत नाही, कारण अनेक जहरी छत्र्या या परीक्षेत सहज निभावून जातात. जागा, मोसम, वास, देठाचे मूळ आणि आधी खाल्लेल्यांचा अनुभव एवढ्यांवरच येथला निवाडा होतो. दिवाळीनंतर यांतील बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर परमुलखात जातात आणि पावसाळ्यातच वाडीवर असतात, म्हणजे अळंबी उगवते तेव्हाच मुले आईबरोबर रानात असतात. हे ज्ञान अजून टिकून आहे त्यात या योगायोगाचाही वाटा असावा.

वारुळावर उगवणारी ही अळंबी वाळवीच्या सहवासाशिवाय वाढत नाही. वाळवी पालापाचोळा वारुळात नेऊन त्याचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे रचते, त्यांवर ही बुरशी वाढवते आणि तीच खाऊन जगते. पावसाळ्यात बुरशीचे कोंब वारूळ फोडून वर येतात, त्यांना आपण अळंबी म्हणतो. या सहजीवनामुळेच ती बटन मशरूमसारखी शेडमध्ये पिकवता आलेली नाही आणि दरवर्षी रानाच्या मर्जीनेच हाती लागते. तिच्या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव १९४२ मध्ये रॉजे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने दिले. दासगावच्या रस्त्यावर बसलेल्या बाईला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु याच हाइमने पुढे चौदा-पंधरा वर्षांनी मेक्सिकोत जाऊन तेथल्या धार्मिक विधींतील भूछत्रांचा अभ्यास केला आणि त्यांना शास्त्रीय नावे दिली, त्यामुळे कालवणात पडणारी अळंबी आणि दर्शनासाठी खाल्ले जाणारे भूछत्र यांची गाठ एकाच संशोधकाच्या आयुष्यात पडलेली आहे.

हाइमला मेक्सिकोकडे ओढून नेणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कमधील एका मोठ्या बँकेतला अधिकारी १९५५ च्या जूनमध्ये ओआहाका प्रांतातील वाउत्ला दे हिमेनेस या डोंगरी गावी पोहोचला आणि मारिया सबिना नावाच्या माझातेक जमातीच्या वैदू स्त्रीने रात्री चालवलेल्या विधीत त्याने ती भूछत्रे खाल्ली. १९५७ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा सचित्र लेख आला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमनने त्या भूछत्रांतून सायलोसायबिन वेगळे केले. आणि त्यानंतर काही वर्षांतच वाउत्लाच्या पायवाटांवर परदेशी तरुणांची रीघ लागली. मारिया सबिनेचे घर जाळले गेले आणि गावाने तिला दोष दिला. उतारवयात तिने जे सांगितले ते या सगळ्या विषयाच्या मुळाशी जाणारे आहे : वॉसन येण्याआधी तिच्या गावी देव शोधण्यासाठी म्हणून ही भूछत्रे कोणी घेत नसे, आजारी माणूस बरा व्हावा, त्याच्या दुखण्याचे मूळ कळावे, यासाठीच ती घेतली जात. म्हणजे ज्याला जगाने साक्षात्काराचे साधन मानले, ते त्याच्या मूळ गावी एका वैदूच्या हातातले, एका रुग्णासाठीचे आणि एका रात्रीपुरते औषध होते, आणि त्या रात्रीची जबाबदारी घेणारे माणूस समोर बसलेले असे.

दासगावहून पुढे, महाडच्या अलीकडे, गांधारपालेची लेणी महामार्गावरूनच दिसतात. डोंगराच्या पोटात दोन थरांत कोरलेल्या या बौद्ध लेण्यांपर्यंत चढणाऱ्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या होतात. वर पोहोचल्यावर मात्र सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशीतला सगळा सपाट मुलूख एका दृष्टिक्षेपात येतो. काणभोज कुळातील विष्णुपालित नावाच्या राजपुत्राचा उल्लेख येथील शिलालेखात आहे, आणि मोठ्या लेण्याच्या मागच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे. भिक्षूंनी वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहून साधना करण्याचे, महिने ज्या कोठड्यांत काढले त्या आज रिकाम्या आहेत. कातळात कोरलेला दगडी ओटा, त्यावर झोपण्यापुरती जागा आणि दारातून येणारा उजेड, एवढीच त्या साधकाची सामग्री होती. प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहणे हे पंचशीलातील पाचवे शील आहे. मनाची जागरूकता हेच ज्या मार्गाचे भांडवल, त्या मार्गाने जाणीव ढवळून टाकणाऱ्या द्रव्याकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविकच होते. तरीही अळंबीचा माग या परंपरेतही लागतो. पावा येथील चुंद लोहाराने बुद्धांना दिलेल्या अखेरच्या भोजनातील ‘सूकरमद्दव’ हा पदार्थ नेमका कोणता, याविषयी पाली टीकाकारांतच एकमत नाही. कोणी ते कोवळे डुकराचे मांस मानले, तर ती एक प्रकारची अळंबी असावी असे मतही धम्मपालाच्या टीकेत नोंदलेले आहे, आणि चिनी भाषांतरित परंपरेत चंदनाच्या झाडावर उगवणाऱ्या भूछत्राचाच उल्लेख येतो. यांत दर्शन घडवणाऱ्या भूछत्राचा कोठेही संबंध नाही. एका लोहाराने श्रद्धेने रांधलेले रानातले अन्न, एवढेच त्याचे स्थान आहे, आणि आजही गांधारपालेच्या पायथ्याशी अळंबी रांधली जाते ती याच नात्याने.

महाड शहरात शिरताना २०२१ च्या जुलैमधील पुराच्या खुणा भिंतींवर अजून सांगितल्या जातात. येथील माणूस पाण्याविषयी बोलतो तेव्हा त्यात भक्तीही असते आणि धास्तीही. याच शहरातील चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेऊन माणुसकीचा हक्क बजावला, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानंतर, येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दहनाचे कारण जन्माधिष्ठित विषमता हे होते आणि अळंबीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे उघड आहे; परंतु साधक आणि अळंबी यांचा विचार करणाऱ्याला त्या ग्रंथाकडे येथे पुन्हा वळून पाहावेच लागते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि भूछत्र यांना द्विजांसाठी अभक्ष्य ठरवले आहे, आणि जाणूनबुजून ते खाणारा द्विज पतित होतो असे म्हटले आहे. त्याहून लक्षणीय नियम सहाव्या अध्यायातला आहे : संसार सोडून अरण्यात गेलेल्या वानप्रस्थाने, म्हणजे पूर्णवेळ साधकाने, मध, मांस, जमिनीवर उगवणारी भूछत्रे, शेवगा आणि भोकराची फळे वर्ज्य करावीत. रानात राहणाऱ्याला सहज मिळणारे अन्नच त्याला नाकारले आहे. महाडच्या बाजारात श्रावणात फिरताना याच यादीतील कोवळ्या शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या आणि अळंबीचे वाटे एकाच ओळीत मांडलेले दिसतात, आणि घेणाऱ्यांत सर्व जातींच्या बाया असतात. तरीही काही सोवळ्या घरांत अळंबीला मांसासारखीच मानून ती अजून चुलीपर्यंत येऊ देत नाहीत, तर श्रावणात मासळी बंद असलेल्या शेजारच्या घरी त्याच अळंबीला ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवून, वर दोन आमसुले टाकून, तांदळाच्या भाकरीबरोबर मानाने वाढले जाते. त्या कालवणाची चव मांसाची आठवण करून देते असे शहरी पाहुणा म्हणतो. ओल्या मातीचा दर्प हाच तिचा खरा गुण आहे, आणि बटन मशरूम खाऊन वाढलेल्या जिभेला तो ओळखायला वेळ लागतो.

एखादे अन्न वर्ज्य ठरते ते ओंगळ म्हणून, धोक्याचे म्हणून, खालच्या मानलेल्या लोकांचे म्हणून, की एके काळी फार पवित्र असल्यामुळे, हा प्रश्न वॉसननेही विचारला आणि त्याने शेवटचे उत्तर निवडले. ते उत्तर फार ओढूनताणून आणलेले वाटते. महाडच्या बाजारात उभे राहिले असता तिसरे कारण पुरेसे दिसते : जे अन्न रानात फिरणाऱ्यांच्या हातून येते, जे नांगराशिवाय आणि मालकीशिवाय उगवते, ते वरच्या वर्णांच्या ताटापासून दूर ठेवणे हा त्या व्यवस्थेचा स्वभावच होता.

जाणीव पालटून देवाशी संधान बांधण्याची तहान या मुलुखात नव्हती असे मात्र कोणी समजू नये. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडचे ग्रामदैवत वीरेश्वर महाराज यांचा छबिना भरतो. भोवतालच्या गावांतील देव पालख्यांतून आणि सासनकाठ्यांसह भेटीला येतात, ढोल आणि सनईचा गजर रात्रभर चालतो, आणि त्या गर्दीत कोणाच्या तरी अंगात येते. अंगात येणे म्हणजे देवाने माणसाच्या देहाचा तात्पुरता ताबा घेणे, अशी येथली समजूत आहे. त्या वेळी डोळे फिरतात, आवाज बदलतो, एरवी दबून राहणारी सासुरवाशीण गावाच्या म्हाताऱ्यांना एकेरीत सुनावते. हे घडवायला कोणतेही द्रव्य लागत नाही. ढोलाची एकसुरी लय, जागरण, उपास, धूप आणि भोवतालच्यांची अपेक्षा एवढ्यावर ते घडते. भोवतालची माणसे तिला पडू देत नाहीत, कपाळाला भंडारा लावतात, पाणी पाजतात आणि देव गेल्यावर तिला घरी पोहोचवतात. शहरी माणूस याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहतो, आणि त्यातील फसवणुकीचे प्रकार पाहता ती टीका अनेकदा रास्तही असते. परंतु आवेशात गेलेल्या माणसाला सांभाळून परत आणण्याची जी रीत त्यात आहे, तिचे मोल त्या टीकेत हरवू नये.

महाडहून बिरवाडीमार्गे वरंध्याच्या दिशेने गेले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि रस्त्याला फाटा फुटून शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. वीस दशक आणि दोनशे समास असलेल्या या ग्रंथाचे हे स्थान विस्मृतीत गेले होते, ते धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये शोधून काढले. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा असा कोसळतो की पायऱ्यांवर शेजारच्याशी बोलतानाही ओरडावे लागते, आणि आत पाऊल टाकताच तोच आवाज कातळाच्या जाडीत शिरून एक अखंड, खोल घोष होऊन राहतो. आत समर्थांच्या आणि कल्याणस्वामींच्या मूर्तींसमोर बसलेली माणसे बहुधा काहीच करत नाहीत. कोणी जपमाळ ओढतो, कोणी नुसता डोळे मिटतो. काही वेळाने वेळेचे भान सुटू लागते, शरीराच्या कडा पुसट होतात, आणि ज्याने पूर्वी कधीही साधना केलेली नाही अशा माणसालाही आपल्याला काहीतरी होत आहे असे वाटते. ही स्थिती घळ देते की मन, हे ठरवणे कठीण आहे. दासबोधाचा सगळा भर मात्र अशा क्षणावर नसून त्यानंतरच्या दिवसांवर आहे : विवेक, अभ्यास, प्रपंचातली सावधानता, आणि अनुभव आल्याचा गर्व न होऊ देणे.

येथे एका जुन्या सूत्राचे स्मरण अपरिहार्य आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धी मिळण्याची पाच कारणे दिली आहेत, आणि जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्या पंगतीत औषधीचेही नाव आहे. वनस्पतींच्या योगाने मनाला असाधारण अवस्था येऊ शकते, हे भारतीय योगशास्त्राला अमान्य नव्हते, याचा हा निःसंदिग्ध पुरावा आहे. परंतु व्यासभाष्याने ती औषधी असुरांच्या भवनांतील रसायनांशी जोडली, आणि ग्रंथाचा ओघ सिद्धींना मागे टाकून कैवल्याकडे, म्हणजे पूर्ण अलिप्ततेकडे, वळला. औषधीने दार उघडते हे मान्य करून त्या दाराशी मुक्काम करायचा नाही, असा तो पवित्रा आहे.

घळीच्या पुढे वरंधा घाट भोरमार्गे पुण्याकडे चढतो, आणि त्या दिशेने पाहताना सोमाचा प्रसंग आठवतो. ऋग्वेदाचे नववे मंडल, म्हणजे एकशे चौदा सूक्ते, सोम या वनस्पतीच्या रसाला वाहिलेले आहे. तो रस पिणाऱ्याला अमरत्वाचा आणि प्रकाशाचा अनुभव येई असे ती सूक्ते सांगतात, पण मूळ वनस्पती कोणती याचा विसर पडून कित्येक शतके झाली. १९६८ मध्ये वॉसनने, सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेले अमानिता मस्कारिया हे भूछत्र होय, असा सिद्धान्त मांडला. त्यातील द्रव्य सायलोसायबिनहून वेगळे आहे, आणि ते भूछत्र बर्च व पाइन यांसारख्या थंड प्रदेशातील झाडांच्या मुळांशी वाढते, सह्याद्रीच्या ऐन-किंजळ-हिरड्याच्या रानात नव्हे. केंब्रिजचे संस्कृतज्ञ जॉन ब्रॉ यांनी १९७१ मध्ये या सिद्धान्ताची कसून चिकित्सा केली, आणि आज अनेक अभ्यासकांचा कल एफेड्रा या झुडपाकडे आहे. महाराष्ट्रातील याज्ञिक मात्र पर्यायी वेल वापरून सोमयाग करत राहिले. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी तो रस ऋत्विजाकडून करवून घेऊन स्वतः चाखला आणि १८६३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत त्याचे वर्णन केले : चव इतकी वाईट की काही चमच्यांपलीकडे घोट गेला नाही, आणि किंचित मादकता. वाउत्लात वॉसन ज्या उत्सुकतेने बसला, तीच उत्सुकता त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी पुण्यात एका याज्ञिकासमोर बसलेली होती. मूळ द्रव्य हरवल्यावरही विधी, मंत्र, क्रम आणि ऋत्विजांची कामे शतकानुशतके अचूक जपली गेली. टिकाव विधीत होता, रसात नव्हता.

महामार्गाने दक्षिणेकडे आले की सावित्रीच्या काठाने पोलादपूर लागते. शिवभारताचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी येथे आहे, आणि गावागावांत वारकरी सप्ताहांची मोठी परंपरा आहे. मुंबईत नोकरीला असलेली पोलादपूरची माणसे गणपतीला आणि सप्ताहाला गावी येतातच. सात दिवस अखंड वीणा हातोहात फिरते, पहाटे काकडा, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. मध्यरात्रीच्या भजनात पखवाज चढत जातो तेव्हा पन्नाशीचा शेतकरी लहान मुलासारखा रडतो, नाचतो, समोरच्याच्या पाया पडतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी खाचरात त्याच्या शेजारी तीच माणसे असतात ज्यांनी त्याला रात्री पाहिलेले असते.

२००६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी छत्तीस स्वयंसेवकांना नियंत्रित वातावरणात सायलोसायबिन देऊन प्रसिद्ध केलेला अभ्यास या पार्श्वभूमीवर वाचण्याजोगा आहे. दोन महिन्यांनंतर त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत गणला; त्याच वेळी सुमारे एक तृतीयांश जणांना त्या तासांत तीव्र भीतीने ग्रासले होते. त्या भीतीचे रूपांतर कायमच्या इजेत झाले नाही, यामागे आधीच्या तयारीच्या भेटी, सोबत बसलेले प्रशिक्षित निरीक्षक आणि नंतरची विचारपूस यांचा मोठा वाटा होता. प्रयोगशाळेने नव्याने उभारलेली ही चौकट मारिया सबिनेच्या झोपडीत होती, छबिन्यात भंडारा लावणाऱ्या हातांत आहे, आणि पोलादपूरच्या सप्ताहातही आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढतो, आणि सुटीच्या दिवशी त्या वाटेने वर जाणाऱ्या गाड्यांत असे तरुण भेटतात ज्यांना कोडैकनालच्या डोंगरांत गुपचूप विकल्या जाणाऱ्या ‘मॅजिक मशरूम’ची माहिती दासबोधापेक्षा अधिक असते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सायलोसायबिन मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या निषिद्ध द्रव्यांत घातले आहे. शिवाय रानातली जहरी छत्री आणि दर्शनाची छत्री यांतला फरक ओळखू न आल्याने यकृत निकामी होण्याचा धोका वेगळाच. तरीही या तरुणांची तहान खोटी मानता येत नाही, कारण ती गांधारपालेच्या कोठडीत पावसाळा काढणाऱ्या भिक्षूच्या तहानेच्याच जातीची आहे. अडचण आहे ती दुसऱ्या ठिकाणी : कोडैकनालच्या भाड्याच्या खोलीत ज्याचे मन उसवते, त्याच्या उशाशी त्या रात्री जबाबदारी घेणारे माणूस नसते, आणि सोमवारी पुण्याच्या कचेरीत त्याच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी कोणीही त्याला त्या अवस्थेत पाहिलेले नसते.